अस्थिभंगानंतरचे अठ्ठावीस दिवस: प्रकल्पाच्या नोंदी

२६ मे

संस्थात्मक प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी आज हाती आली. आता काम सुरू करायला हरकत नाही. प्रकल्पाचा प्रश्न एका वाक्यात लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला झाले तर इकडे परत येता येईल: उंदराच्या मांडीचे हाड मोडल्यापासून ते जुळेपर्यंतच्या अठ्ठावीस दिवसांत, मोडलेल्या जागी तयार होणाऱ्या ऊतीमध्ये कोणती जनुके कोणत्या क्रमाने जागी होतात आणि शांत होतात. त्वचा किंवा स्नायू फाटला तर बरा झाल्यावर व्रण मागे राहतो. हाड मात्र नीट जुळले तर पुन्हा हाडच होते, कारण गर्भावस्थेत हाड घडताना जी जनुके कामाला लागलेली असतात त्यांतली बरीचशी येथे पुन्हा एकदा कामाला लागतात.

मोजणीचे दिवस असे ठरवले आहेत: १, ३, ७, १०, १४, २१ आणि २८. प्रत्येक दिवसासाठी पाच उंदीर आणि तुलनेसाठी हाडात सळई घातलेले पण हाड न मोडलेले पाच. दहाव्या आणि चौदाव्या दिवसाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्ट्यांसाठी सहा उंदीर वेगळे ठेवले आहेत.

समितीने एकच अवघड प्रश्न विचारला होता, तो वेदनाशामकाचा. नेहमीची सूज उतरवणारी वेदनाशामके कॉक्स-२ हे विकर रोखतात, आणि या विकराचे जनुक नसलेल्या उंदरांत हाड उशिरा जुळते हे २००२ सालीच दाखवले गेले आहे. म्हणजे ते औषध दिले तर जे मोजायचे त्यालाच आपण हात लावल्यासारखे होईल, आणि औषध न देणे तर शक्यच नाही. म्हणून ब्युप्रेनॉर्फिन हे कॉक्स-२ न रोखणारे अफूवर्गीय वेदनाशामक देण्याचे ठरले आणि सर्व गटांना, हाड न मोडलेल्यांनासुद्धा, सारखीच मात्रा देण्याची अट आम्ही स्वतःहून घालून घेतली.

३ जून

काम दोन दिवसांत वाटले असून आज निम्मे उंदीर झाले. प्रत्येक गटातले काही आज, काही उद्या, अशीच विभागणी ठेवली आहे, नाहीतर एखादा गट अख्खाच्या अख्खा एकाच दिवसाच्या हातावर अवलंबून राहिला असता.

पद्धत बॉनारेन्स आणि आइनहॉर्न यांनी १९८४ साली प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या मोठ्या उंदरांसाठी वर्णन केली तीच, फक्त आकाराने लहान केलेली. भूल दिल्यावर गुडघ्याकडून हाडाच्या पोकळीत बारीक पोलादी सळई सरकवायची, मांडी दोन आधारांवर आडवी ठेवायची आणि वरून ठरावीक उंचीवरून वजन सोडून बोथट पाते हाडाच्या मधोमध आपटू द्यायचे. आवाज अगदी लहान येतो, वाळलेली काडी मोडावी तसा. लगेच एक्स-रे काढतो. भेग आडवी आणि एकच असली तर तो उंदीर अभ्यासात घ्यायचा, तुकडे झाले असतील तर नाही. आज दोन वगळावे लागले. सळईमुळे हाडाची टोके एका रेषेत राहतात, पण थोडी हलतात, आणि ही हालचाल आम्हाला हवीच आहे. पट्टी आणि स्क्रूंनी हाड घट्ट आवळले तर कूर्चा (जिच्या जागी पुढे हाड येते ती मऊ, लवचीक ऊती) जवळजवळ तयारच होत नाही, हाड थेट हाडाला जुळते आणि आमचा निम्मा प्रश्न तेथेच संपतो.

प्राणिगृहातल्या काकांनी एक्स-रे पाहून विचारले, "कांडवेल देणार का यांना?" त्यांच्या गावी मोडलेल्या हाडावर कांडवेलीचा लेप घालतात. आमच्या प्रकल्पात ती नाही, असे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग नुसतं बघत बसणार?" बरोबरच आहे, या प्रकल्पात नुसते बघतच बसायचे आहे.

५ जून

पहिल्या दिवसाचे नमुने पूर्ण झाले. अजून कॅलस, म्हणजे मोडलेली टोके जोडणारी नव्या ऊतीची गाठ, म्हणावे असे काही नाही, गडद लाल गुठळी आणि तिच्याभोवती सुजलेले अस्थिआवरण, एवढेच. गुठळी कात्रीला चिकटते आणि स्नायूपासून सोडवताना हमखास तंतू बरोबर येतात. शक्य तेवढे साफ केले, पण पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाच्या नमुन्यांत थोडाफार स्नायू राहणार हे आताच मान्य करून लिहून ठेवते.

१४ जून

दहाव्या दिवसाचे नमुने आज पूर्ण झाले. या दिवसाचे कॅलस मी प्रथमच इतक्या निवांतपणे पाहिले. हाडाच्या दोन्ही टोकांना धरून मध्ये फुगलेली निळसर पांढरी, चकचकीत गाठ, साधारण वाटाण्याएवढी. सुरी लावली की शहाळ्याच्या मलईतून जावी तशी जराही न अडखळता जाते. कापलेला पृष्ठभाग ओलसर आणि अर्धपारदर्शक असतो. ही कूर्चा. कडेला, अस्थिआवरणाला चिकटून, पातळ पांढरी अपारदर्शक पट्टी दिसते. ती मात्र थेट तयार होत असलेल्या नव्या हाडाची, तिला कूर्चेचा टप्पाच नसतो. एकाच गाठीत, मिलिमीटरभर अंतरावर, दोन वेगळ्या रीतींनी हाड घडत असते. आणि आम्ही ती अख्खी गाठ द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकून तिची पूड करतो. सुरी खाली ठेवताना ही गोष्ट मनात राहिली.

काचपट्ट्यांसाठीचे नमुने खनिज काढून मऊ करण्यासाठी ईडीटीएच्या द्रावणात, चार अंशांवर ठेवले. दोन आठवडे लागतील, द्रावण एक दिवसाआड बदलायचे आहे.

१८ जून

चौदावा दिवस. आज सुरीखाली करकर ऐकू आली, वाळूत पाते ओढल्यासारखी. चार दिवसांपूर्वीच्या मलईत कॅल्शियम बसू लागले आहे.

२ जुलै

अठ्ठाविसाव्या दिवसासह सगळे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये गेले. प्रत्येकाची पूड दोन नळ्यांत अर्धी-अर्धी विभागली आहे. हा सल्ला माझ्या मार्गदर्शक मॅडमचा. तेव्हा तो जास्तीचे काम वाटला होता.

११ जुलै

चूक झाली आणि ती माझीच आहे. या आठवड्यात मी आरएनए (जाग्या जनुकांनी पेशीत सोडलेले संदेश) काढायला सुरुवात केली ती पहिल्या दिवसाच्या नमुन्यांपासून, आणि ओळीने अठ्ठाविसाव्यापर्यंत गेले, कारण नळ्या खोक्यात त्याच क्रमाने लावलेल्या होत्या. चौदाव्या दिवसाच्या नमुन्यांनंतर आरएनए गाळून घेण्याच्या स्तंभांचे खोके संपले आणि नव्या लॉटचे उघडले. काल मॅडमनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, "एकविसाव्या दिवशी काही बदललं, तर ते हाडामुळे की खोक्यामुळे, कसं सांगशील?" मला उत्तर देता आले नाही. दिवस आणि खोके एकमेकांत असे गुंतले की कोणतेही संख्याशास्त्र ते सोडवू शकत नाही. शस्त्रक्रियेचे दिवस वाटताना जी काळजी घेतली होती ती येथे विसरले.

राखून ठेवलेल्या अर्ध्या पुडीवर सगळे पुन्हा करायचे. या वेळी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक दिवसाचा किमान एक नमुना राहील असे पाहिले.

१९ जुलै

दुसरी फेरी पूर्ण. हाडातून आरएनए काढणे हे यकृतातून काढण्यासारखे नाही. पेशी थोड्या, सभोवती खनिज आणि कोलॅजेन फार, आणि पूड क्षणभर जरी वितळली तरी पेशींतली विकरे आरएनए खाऊन टाकतात. खलबत्ता आधी नायट्रोजनने गोठवायचा, पूड कोरडी असतानाच फिनॉल आणि ग्वानिडिनच्या द्रावणात टाकायची आणि मगच श्वास घ्यायचा. बहुतेक नमुन्यांची अखंडता मोजणीच्या दहाच्या पट्टीवर सातच्या वर आली. पहिल्या दिवसाचे दोन त्याच्या खाली आहेत. ठेवले आहेत, पण खूण करून.

२४ जुलै

सिक्वेन्सिंगला, म्हणजे सगळ्या जनुकांचे संदेश एकदम वाचून मोजायला, पाठवण्यापूर्वी क्यूपीसीआरवर (एकेका जनुकाच्या संदेशाच्या प्रती चक्रागणिक वाढवत त्याची पातळी मोजण्याची पद्धत) ओळखीची जनुके तपासून घेतली, म्हणजे नमुने सांगतात ते हाड जुळण्याच्या ठाऊक असलेल्या क्रमाशी बसते की नाही हे कळेल. सुजेची आयएल-६ आणि आयएल-१ बीटा पहिल्या दिवशी उंच, मग उतरती. कूर्चेची सॉक्स-९ आणि टाइप-२ कोलॅजेन सातव्या दिवशी चढतात आणि दहाव्याला शिखरावर जातात. फुगलेल्या कूर्चापेशींचे टाइप-१० कोलॅजेन त्यांच्या मागोमाग, हाडाचे ऑस्टिओकॅल्सिन सर्वांत शेवटी. टीएनएफचे दोन उंचवटे दिसले, एक पहिल्या दिवशी आणि दुसरा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, खनिजलेली कूर्चा काढून टाकली जाते तेव्हा. सूज आणणारा रेणू म्हणून आपण त्याला बदनाम करतो, पण त्याचे ग्राही नसलेल्या उंदरांत हीच कूर्चा रेंगाळत राहते.

एकच गोष्ट बसत नाही. रंक्स-२ हे जनुक दहाव्या दिवशी साधारण तिसऱ्या हिश्शावर आलेले दिसते आणि चौदाव्याला परत वर जाते. या जनुकाशिवाय हाड घडतच नाही. १९९७ साली ते काढून टाकलेल्या उंदरांचा सांगाडा संपूर्ण कूर्चेचाच राहिला होता. ऐन भरात ते खाली का जावे? प्रयोगशाळेत उत्साह पसरला, पांढऱ्या फळ्यावर दोन बाण आणि एक प्रश्नचिन्हही काढून झाले. मीही त्यात होते.

२९ जुलै

फळा पुसला. रंक्स-२ खाली गेलेच नव्हते.

क्यूपीसीआरमध्ये कोणत्याही जनुकाची पातळी एकटी मोजता येत नाही. ती कायम न बदलणाऱ्या एखाद्या संदर्भ-जनुकाशी ताडून सांगतात. म्हणजे अंशाखाली एक भाजक असतो आणि तो स्थिर आहे असे आपण गृहीत धरतो. मी सवयीने गॅपडीएच घेतले होते. गॅपडीएच हे ग्लुकोज मोडणाऱ्या साखळीतले एक विकर. दहाव्या दिवशीच्या गाठीच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या नाहीत, प्राणवायू कमी आहे आणि कूर्चापेशी ऊर्जेसाठी याच साखळीवर जगतात. प्राणवायू घटला की अनेक पेशींत हे जनुक वर जाते. तेव्हा ज्या ऊतीत ते हमखास हलणार, त्याच ऊतीत मी त्याला स्थिर मानले होते.

ताळा केला. सर्व नमुन्यांत सारखाच आरएनए घालूनही दहाव्या दिवशी गॅपडीएच सुमारे दीड चक्र आधी उमटते. प्रत्येक चक्रात दुप्पट होत असल्यामुळे दीड चक्र म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. भाजक पावणेतीन पट वाढला की भागाकार तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येणारच. आरपीएल-१३-ए, टीबीपी आणि एचपीआरटी या तीन संदर्भ-जनुकांचा भूमितीय मध्य घेऊन पुन्हा मांडले. एकापेक्षा अधिक संदर्भ-जनुके घ्यावीत आणि त्यांची स्थिरता आधी तपासावी हे २००२ पासून सांगितले जात आहे, मी ते वाचलेलेही आहे. रंक्स-२ ची रेषा आता सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत जवळजवळ सपाट आहे. बाकीच्या जनुकांचा क्रम तोच राहिला, पट मात्र सगळ्यांचे बदलले.

५ ऑगस्ट

नमुने सिक्वेन्सिंगसाठी पवईला पोहोचवले. कोरड्या बर्फाचे थर्माकोलचे खोके लोकलच्या गर्दीत नेण्याची हिंमत झाली नाही, म्हणून टॅक्सी केली. पाऊस धो धो. चालकाने सवयीने चारही काचा वर केल्या, तेव्हा मला त्या खाली करायला सांगावे लागले. कोरडा बर्फ वितळत नाही, त्याचा थेट कार्बन डायऑक्साइड वायूच होतो, आणि बंद गाडीत तो साठणे धोक्याचे असते. कुर्ल्यापासून पुढे आम्ही दोघेही एका बाजूने भिजत गेलो. "बाई, बर्फ आहे म्हणता, तर भिजलं काय बिघडतं?" हा त्याचा प्रश्न रास्त होता आणि माझे उत्तर लांबलचक झाले. उतरताना खोक्यात बर्फ तळाशी चार बोटे शिल्लक होता. पुरला.

८ सप्टेंबर

डेटा आला. प्रत्येक नमुन्याचे सुमारे तीन कोटी वाचन-तुकडे. पहिल्या नजरेत भरले ते हे की या तीन कोटींत सगळ्या जनुकांना सारखी जागा मिळत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाच्या नमुन्यांत मोठा वाटा हिमोग्लोबिनच्या जनुकांनी खाल्ला आहे, कारण मज्जेतल्या आणि गुठळीतल्या अपक्व तांबड्या पेशी त्या संदेशांनी भरलेल्या असतात. चौदाव्या दिवशी तोच वाटा टाइप-१ कोलॅजेनकडे जातो. तुकड्यांची एकूण संख्या ठरलेली असल्यामुळे एकाने ताट भरून घेतले की इतरांच्या वाट्याला कमी येते, आणि मग न बदललेली शेकडो जनुके घटल्यासारखी दिसतात. पुन्हा भाजकच! या वेळी तो एका जनुकाचा नसून अख्ख्या बेरजेचा आहे.

यावरचा उपाय मात्र तयार आहे. रॉबिन्सन आणि ऑश्लॅक यांची २०१० सालची पद्धत टोकाची जनुके बाजूला ठेवून उरलेल्यांवरून नमुन्यांचे प्रमाण ठरवते. ती लावली तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या घटलेल्या जनुकांची यादी खूपच आखडली. मूळ यादीत सगळ्याच पेशींना लागणारी रायबोसोम-प्रथिनांची जनुके रांगेने होती. तेवढ्यावरूनच शंका यायला हवी होती.

१६ सप्टेंबर

तिसऱ्या दिवसाचा एक नमुना इतर चारांपासून फटकून बसतो. त्यात क्रिएटिन कायनेज आणि सांगाड्याच्या स्नायूंतले ॲक्टिन, मायोसिन सगळेच उंच. हा जीवशास्त्राचा चमत्कार नसून ५ जूनच्या नोंदीत लिहिलेला कात्रीला चिकटलेला स्नायू आहे. पण तो आता वगळायचा का? आलेख पाहिल्यानंतर नमुना वगळणे ही सवय वाईट. तो गेला की आलेख देखणा होणार हे दिसत असताना घेतलेला निर्णय कोणी प्रामाणिक मानू नये. मॅडम आणि मी मिळून स्नायू-जनुकांची एक मर्यादा ठरवली, ती पस्तीसही नमुन्यांना सारखी लावली. त्यात हा एक गेला आणि सातव्या दिवसाचाही एक गेला, जो मला आवडत होता.

२५ सप्टेंबर

रंक्स-२ ची सपाट रेषा सिक्वेन्सिंगमध्येही सपाटच आली. दोन पद्धतींनी एकच उत्तर दिले, तेव्हा येथे थांबायला हरकत नव्हती. पण दहाव्या दिवसाच्या गाठीचा कापलेला पृष्ठभाग आठवत राहिला: मध्ये कूर्चा, कडेला हाड, आणि आम्ही दोन्हीची मिळून पूड केलेली. पुडीतली सरासरी सपाट आहे म्हणजे गाठीत काही हलले नाही, असे म्हणता येते का?

याचा निकाल पूड न केलेल्या नमुन्यांवरच लागणार. जूनमध्ये बाजूला ठेवलेल्या गाठींचे छेद घेतले, एका पट्टीवर कूर्चा लाल रंगवणारे सफ्रानिन-ओ आणि शेजारच्याच छेदावर रंक्स-२ च्या संदेशाला चिकटणारा खुणेचा प्रोब. सातव्या दिवसाची काचपट्टी आमच्याकडे मूळ योजनेत नव्हती, ती गेल्या वर्षीच्या पूर्वतयारीतल्या एका उरलेल्या ठोकळ्यातून मिळाली.

३० सप्टेंबर

काचपट्ट्या पाहिल्या. आधी त्या नुसत्या जशा दिसतात तशाच लिहिते.

सातव्या दिवशी रंक्स-२ चा जांभळा रंग जवळजवळ सगळा अस्थिआवरणाच्या जाड झालेल्या थरात आहे. लहान, चपट्या, दाटीने बसलेल्या पूर्वज पेशी, ज्यांतून पुढे कूर्चा आणि हाडाच्या पेशी घडतात. मधला भाग फिका. दहाव्या दिवशी कडेच्या नव्या हाडात रंग आहेच, पण त्याशिवाय कूर्चेच्या सीमेवर फुगलेल्या, गोल, मोठ्या पेशींची एक पट्टी रंगलेली दिसते. त्याच पेशींभोवती सफ्रानिनचा लाल रंग आहे, म्हणजे त्या कूर्चेच्याच. चौदाव्या दिवशी लाल रंगाची बेटे उरली आहेत आणि जांभळा रंग नव्या हाडाच्या जाळीवर ओळीने बसलेल्या अस्थिजनक पेशींत आहे.

म्हणजे रेषा सपाट, पण तिच्याखाली मालक दोनदा बदलला: आधी पूर्वज पेशी, मग त्यांच्या जोडीला फुगलेल्या कूर्चापेशी, शेवटी अस्थिजनक पेशी. कोणत्याही एका पेशीत रंक्स-२ वाढले की घटले हे आमचा आलेख सांगतच नाही. त्या पातळीच्या पेशी गाठीत किती आहेत, तेवढेच तो सांगतो. तीच गत टाइप-२ कोलॅजेनच्या प्रचंड वाढीची. कूर्चापेशींनी ते जनुक तितके पट अधिक चालवले असे नाही, मोडण्यापूर्वी त्या जागी कूर्चापेशीच नव्हत्या.

दहाव्या दिवसाच्या त्या सीमेवर मी बराच वेळ थांबले. कूर्चापेशी शेवटी मरतात आणि हाडाच्या पेशी बाहेरून येतात असे आम्हाला पदवीला शिकवले होते. २०१४ साली खूण केलेल्या पेशींच्या वंशाचा मागोवा घेतला गेला तेव्हा त्यांतल्या काही फुगलेल्या कूर्चापेशी स्वतःच अस्थिजनक होतात असे दिसले. आमच्या काचपट्टीवरून तसे सिद्ध होत नाही, कारण ती एका क्षणाची आहे आणि पेशी पुढे कोठे गेली हे ती दाखवू शकत नाही. पण लाल आणि जांभळा ज्या पेशींत एकत्र दिसतात त्या नेमक्या तेथेच आहेत जेथे रक्तवाहिन्या आत शिरू लागल्या आहेत.

३ ऑक्टोबर

मॅडमबरोबर आलेखांची बैठक झाली. रंक्स-२ चा आलेख काढून टाकावा असे माझे मत होते, त्यांनी तो ठेवायला सांगितला, मात्र त्याच्या खाली तिन्ही दिवसांच्या काचपट्ट्या त्याच अक्षावर लावून. उभ्या अक्षावर मी "रंक्स-२ ची अभिव्यक्ती" असे लिहिले होते. ते खोडून "संपूर्ण कॅलसमधील रंक्स-२ संदेशाचे प्रमाण" असे केले. त्याच तऱ्हेने बाकीच्या अकरा आलेखांचे अक्ष तपासायचे आहेत. आज चार झाले.

तुलनेचा मुद्दाही त्यांनीच काढला. आमचे सगळे पट न मोडलेल्या हाडाच्या तुलनेत आहेत, आणि न मोडलेले हाड म्हणजे कठीण कवच आणि मज्जा, ज्यात कूर्चा मुळीच नाही. शून्याच्या जवळच्या आकड्याने भागले की काहीही शेकडो पटींत जाते. टाइप-२ आणि टाइप-१० कोलॅजेनसाठी तुलना सातव्या दिवसाशी करून पाहायची आहे.

जाताना प्राणिगृहात काकांना दहाव्या दिवसाची सफ्रानिनची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहून विचारले की लाल भाग हाड आहे का. मी म्हटले, अजून नाही. उरलेला ईडीटीए फेकला, बाटल्या धुऊन ठेवल्या. सातव्या दिवसाचे तीन नवे नमुने लागतील, त्यासाठीचा सुधारित अर्ज समितीकडे सोमवारी द्यायचा आहे.